पायऱ्यांना गुण : विमानातील चिपवर विश्वास कसा बसला?

भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या किनाऱ्यावर तिन्हीसांजेला उभे राहिले, की मुंबईकडे येणारी-जाणारी विमाने दिवे लुकलुकवीत जाताना दिसतात. मुले त्यांच्याकडे बोट दाखवून हमखास विचारतात, "सर, विमान आता कॉम्प्युटरच चालवतो ना? मग तो बिघडला तर?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर शोधायला अभियंत्यांना बरीच वर्षे लागली. ते उत्तर आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, चांगल्या ओळखीचे आहे असे आम्हांला वाटते. म्हणून हा इतिहास जरा सविस्तर सांगतो. त्याची सुरुवात याच समुद्रात, उत्तनपासून थोडे दक्षिणेला होते.

१०१ सेकंद

१ जानेवारी १९७८. एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जंबो जेट रात्री आठनंतर सांताक्रूझ विमानतळावरून दुबईसाठी निघाले. एअर इंडियाच्या ताफ्यातले हे पहिलेच जंबो, १९७१ साली आलेले. उड्डाणानंतर ते किनारा ओलांडून समुद्रावर गेले आणि ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळून पुन्हा सरळ झाले. मात्र कप्तानासमोरचे विमानाचा कल दाखवणारे उपकरण अजूनही 'विमान उजवीकडे कललेले आहे' असेच दाखवीत होते. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र. क्षितिजाची रेघ कुठेच नाही. कप्तानाने उपकरणावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलते केले आणि करतच राहिला. उड्डाणानंतर अवघ्या १०१ सेकंदांत विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळले. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी असे २१३ जण गेले.

चौकशीचा निष्कर्ष असा होता, की कप्तानाचे उपकरण बिघडलेले होते आणि विमानाच्या स्थितीचे भान पूर्णपणे सुटल्यामुळे त्याने चुकीची हालचाल केली. इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरणे वैमानिकांना जमले नाही. विमानात कल दाखवणारी आणखी उपकरणे होती. उणीव होती ती दोन उपकरणांचे पटत नसताना खरे कोणाचे, हे काही क्षणांत ठरवण्याची.

ते उपकरण जुन्या पद्धतीचे, फिरत्या भोवऱ्याचे होते. त्यात आजच्या अर्थाने चिप नव्हती. तरीही आपल्या विषयाचा मूळ प्रश्न इथेच आहे : खरे कोणाचे मानायचे?

तिघांचे मत

याचे एक उत्तर व्यवहारात पूर्वीपासून आहे. दोघांचे पटले नाही तर तिसऱ्याला विचारावे आणि दोघे म्हणतील ते धरावे. विमानाच्या विद्युत्यंत्रणांत हीच युक्ती वापरली जाते. एकाच गोष्टीचे मोजमाप तीन-चार ठिकाणी करायचे आणि एका मंडलाने बहुमत काढायचे.

असे मंडल फळ्यावर दाखवणे सोपे आहे. क, ख आणि ग अशी तीन आदाने घेऊ. प्रत्येकाची किंमत ० किंवा १. एकूण शक्यता आठ. त्यांतल्या चारच ओळींत, म्हणजे दोन आदाने १ असलेल्या तीन ओळींत आणि तिन्ही १ असलेल्या एका ओळीत, उत्तर १ येते. उरलेल्या चारांत ०. आठ ओळींचा तक्ता तपासला की मंडल बरोबर आहे याची पूर्ण खात्री. शंकेला जागाच उरत नाही.

ही युक्ती उपकरण मोडण्यापासून वाचवते. ज्याने बहुमत काढायचे ते मंडलच चुकीचे आखले असेल, तर मात्र तिचा उपयोग नाही. तीन सारख्या चिपांत एकच आखणीची चूक असेल, तर तिन्ही मिळून एकमताने चुकीचे उत्तर देतील. तीन परीक्षकांनी एकाच चुकीच्या उत्तरसूचीवरून पेपर तपासावा, तसे हे आहे. मोडणे वेगळे आणि चुकणे वेगळे. पुढचा सारा इतिहास हा या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

रिकामी पाटी

योगायोग असा, की १९७८ सालीच अमेरिकेतल्या मोनोलिथिक मेमरीज या कंपनीने 'पाल' नावाची चिप बाजारात आणली. जॉन बर्कनर आणि एच. टी. चुआ हे तिचे कर्ते. तोपर्यंत मंडल बनवायचे म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या पुष्कळ चिपा एका पट्टीवर डाखून जोडायच्या. 'पाल' ही जवळजवळ रिकामी पाटी होती. आत जोडण्यांचे जाळे तयार असे आणि त्यातल्या नको त्या जोडण्या वितळणाऱ्या फ्यूजसारख्या जाळून टाकल्या की हवे ते मंडल उरे. पाटीवर एकदाच लिहिता येई.

१९८४ मध्ये रॉस फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झायलिंक्स ही कंपनी काढली आणि १९८५ मध्ये एक्ससी-२०६४ ही चिप आणली. 'एफपीजीए' म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या कुळातली ती पहिली. तिच्यात ६४ कप्पे होते, आठ ओळी आणि आठ स्तंभांत मांडलेले. प्रत्येक कप्प्यात आपण वर पाहिला तसाच एक छोटा तक्ता, मात्र चार आदानांचा, आणि ० किंवा १ लक्षात ठेवणारा एक स्मृतिघटक. तक्त्यात काय भरायचे आणि कोणता कप्पा कोणाला जोडायचा, हे चिपच्या आतल्याच स्मृतीत लिहायचे. आता ही पाटी कितीही वेळा पुसून पुन्हा लिहिता येऊ लागली.

विमाने बनवणाऱ्यांना हे वरदानच होते. विमानातले एखादे मंडल फार थोड्या संख्येने लागते. तेवढ्यासाठी खास चिप घडवणे परवडत नाही. शिवाय एका चिपमध्ये पट्टीभर चिपांचे काम मावले, तर वजन कमी, डाख कमी आणि डाख निसटण्याची भीतीही कमी.

पटावरचे धान्य

आठ गुणिले आठ कप्पे म्हटल्यावर आपल्याला बुद्धिबळाचा पट आठवल्याशिवाय राहत नाही आणि त्याबरोबर ती धान्याची गोष्टही. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. राजाचे कोठार रिकामे झाले तरी पट भरला नाही. ही गोष्ट इथे शब्दशः लागू पडते. ६४ कप्प्यांतला प्रत्येक स्मृतिघटक ० किंवा १ असू शकतो, म्हणून चिपच्या एकूण स्थिती होतात २ चा ६४ वा घात, म्हणजे

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६.

समजा, तपासणी यंत्र सेकंदाला १०० कोटी स्थिती तपासते. तरी सगळ्या तपासायला सुमारे ५८५ वर्षे लागतील. मुलांकडून हा भागाकार जरूर करून घ्यावा. साऱ्याच स्थिती प्रत्यक्षात उद्भवतील असे नाही. पण कोणत्या उद्भवणार नाहीत हे सांगायलाही मंडलाचा कसून अभ्यास करावा लागतो. आणि ही गोष्ट पहिल्यावहिल्या चिपची. आजच्या चिपांत असे घटक लाखांनी असतात.

म्हणजे आठ ओळींच्या तक्त्याची जी पूर्ण खात्री आपल्याला होती, ती इथे संपली. थोडे नमुने तपासून भागेल का? १९९४ साली इंटेल कंपनीच्या पेंटियम या प्रसिद्ध चिपने याचे उत्तर दिले. भागाकारासाठी तिच्यात एक तक्ता कोरलेला होता, आणि तोही 'पाल'च्याच नात्यातल्या रचनेचा. त्याच्या १,०६६ भरावयाच्या नोंदींपैकी पाच राहून गेल्या होत्या. कारखान्यातल्या साऱ्या चाचण्या पार करून ती चिप घरोघरी पोचली. चूक उघडकीला आणली ती थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकाने, मूळ संख्यांवर काम करताना. इंटेलला या प्रकरणाचा ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड बसला. टेबलावरच्या संगणकात निभावले. विमानात?

विमानासाठीची अट तर फारच कडक आहे. ज्या बिघाडाने विमानच जाईल, त्याची शक्यता उड्डाणाच्या दर तासाला १०० कोटींत एकाहून अधिक नसावी, असा दंडक १९८२ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शनात आला. १०० कोटी तास म्हणजे सुमारे १ लाख १४ हजार वर्षे. एवढा काळ चाचणी करून कोण पाहणार? मोडतोडीच्या बाबतीत निदान सांख्यिकी मदतीला येते. एक तार किती काळ टिकते हे मोजता येते, दोन तारा एकदम तुटण्याची शक्यता गुणाकाराने काढता येते. पण आखणीतली चूक झिजत नाही आणि तुटतही नाही. ती पहिल्या दिवसापासून तिथेच असते, योग्य क्षणाची वाट पाहत.

ना इकडचे, ना तिकडचे

विमानातील सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा प्रश्न आधीच उभा राहिला होता. अमेरिकेत १९३५ पासून काम करणाऱ्या आरटीसीए या संस्थेने १९८२ मध्ये डीओ-१७८ हा दस्तऐवज काढला. १९९२ मध्ये त्याची 'बी' आवृत्ती आली आणि ती फार कडक होती. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक ओळीचा हिशेब मागणारी.

मग काहींनी पळवाट शोधली. हेच काम सॉफ्टवेअरमध्ये न करता प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपमध्ये केले, तर ते 'हार्डवेअर' ठरेल आणि डीओ-१७८ लागू होणार नाही! आणि या चिपांचे मंडल तरी कसे लिहीत? व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉग अशा भाषांत, संगणकाच्या प्रोग्रॅमसारखेच ओळीमागून ओळी. लिहिताना सॉफ्टवेअर, तपासणीस आले की हार्डवेअर. कबड्डीच्या मधल्या रेषेवर उभ्या असलेल्या खेळाडूसारखी या चिपांची स्थिती झाली.

ही फट एप्रिल २००० मध्ये बुजवली गेली. आरटीसीएने डीओ-२५४ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. युरोपात तोच ईडी-८० या क्रमांकाने ओळखला जातो. २००५ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने या चिपांसाठी तो अधिकृतपणे मान्य केला. त्याची नवी, अधिक स्पष्ट मार्गदर्शिका युरोपने २०२० मध्ये आणि अमेरिकेने २०२२ मध्ये काढली.

पायऱ्यांना गुण

डीओ-२५४ मध्ये पहिला भेद केला आहे तो 'साध्या' आणि 'जटिल' वस्तूंचा. जिच्या वर्तनाची सर्व संभाव्य परिस्थितींत चाचणी आणि विश्लेषण करून संपूर्ण खात्री देता येते, ती साधी. आपला आठ ओळींचा तक्ता साधा. जिची अशी खात्री देता येत नाही, ती जटिल. नुसत्या अंतिम चाचणीने आपल्याला कळणार नाही, ही कबुली नियमातच लिहून ठेवली गेली. आम्हांला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

मग जटिल चिपचे काय? तिथे गणिताचा पेपर तपासणाऱ्या शिक्षकाची रीत वापरली आहे. नुसते उत्तर पाहायचे नाही, पायऱ्या पाहायच्या. उत्तर योगायोगानेही बरोबर येऊ शकते. सगळ्या पायऱ्या योगायोगाने बरोबर येत नाहीत.

या पायऱ्या साधारण अशा. आधी चिपने काय करायचे ते शब्दांत लिहायचे. मग ढोबळ आराखडा, मग बारीक आराखडा, मग प्रत्यक्ष चिप. प्रत्येक अटीपासून आराखड्याच्या संबंधित भागापर्यंत आणि तिथून तिच्या चाचणीपर्यंत धागा दाखवता आला पाहिजे. अट आहे पण चाचणी नाही, किंवा आराखड्यात एखादा भाग आहे पण तो कोणत्याच अटीतून आलेला नाही, असे आढळले तर गुण कापले जातात! ज्याने लिहिले त्याने तपासायचे नाही, हा नियम वरच्या श्रेणींना लागू असतो. पेपर तपासणारा वेगळा आणि मॉडरेटर वेगळा, तसेच हे. कोणती आवृत्ती केव्हा आणि का बदलली याचीही नोंद हवी, कारण ही पाटी पुसता येणारी आहे.

श्रेणी पाच आहेत, 'ए' ते 'ई'. चिप चुकली तर विमानच जाईल अशी 'ए'. काहीच फरक पडणार नाही अशी 'ई'. प्रवाशाच्या डोक्यावरच्या वाचनदिव्याला आणि पंखांची हालचाल ठरवणाऱ्या यंत्रणेला एकच मोजपट्टी लावणे शहाणपणाचे नव्हे.

पहिली पायरीच किती अवघड असते याचा अनुभव वर्गात घेता येईल. समजा, अट अशी लिहिली : 'तीन उपकरणांपैकी एकाचे माप इतरांहून ५ अंशांनी वेगळे असेल, तर ते सोडून द्यावे.' आता मुलांना यात खोड काढायला सांगावे. बरोबर ५ अंशांचा फरक असेल तर? क्षणभरच वेगळे असून पुन्हा जुळले तर? एक सोडल्यावर उरलेल्या दोघांचे भांडण झाले तर? वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे आणि तरीही अपुरे आहे.

आकाशातून येणारी खोडी

आता या चिपांची आणखी एक अडचण. तिचा धागा आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासाशी जुळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात होमी भाभा बंगलोरला होते. तिथे त्यांनी अमेरिकी लष्करी विमानांतून उपकरणे वर नेऊन वैश्विक किरणांची मोजणी केली. १९४५ मध्ये त्यांनी स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था त्याच वर्षी मुंबईला आली आणि वैश्विक किरण हा तिचा सुरुवातीपासूनचा विषय राहिला. त्या वेळी हे निखळ मूलभूत संशोधन होते. विमानाच्या यंत्रणेशी त्याचा संबंध येईल असे तेव्हा कोणाला वाटणार?

पण तो आला. वैश्विक किरण वातावरणावर आदळले की न्यूट्रॉनांचा सडा पडतो. जेट विमाने उडतात त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर तो समुद्रसपाटीपेक्षा शेकडो पट दाट असतो. असा एखादा न्यूट्रॉन चिपच्या सिलिकॉनमध्ये अणुकेंद्रावर आदळला, तर सुटलेल्या विद्युतभारामुळे स्मृतीतल्या १ चा ० होऊ शकतो. चिप मोडत नाही, नुसता एक आकडा बदलतो. उपग्रहांत असे घडत असल्याचे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विमानांत प्रत्यक्ष उड्डाणे करून ते मोजले गेले. साध्या संगणकात आकडा बदलला तर माहिती बिघडते. स्मृतीत मंडल लिहिलेल्या एफपीजीएमध्ये तर मंडलच बदलते! म्हणून मंडल कायमचे कोरून ठेवणाऱ्या चिपा निवडतात, स्मृती सतत ताडून पाहतात, किंवा एकाच चिपमध्ये तेच मंडल तीनदा मांडून बहुमत काढतात. पुन्हा आपला तोच आठ ओळींचा तक्ता.

७ ऑक्टोबर २००८ रोजी सिंगापूरहून पर्थला निघालेल्या क्वांटास कंपनीच्या एअरबस ए-३३० विमानाने उड्डाणात अचानक दोनदा नाक खाली घातले. ११९ जण जखमी झाले. विमान सुखरूप उतरले. तीनपैकी एका माहिती-संगणकाकडून वाऱ्याशी असलेल्या कोनाचे चुकीचे आकडे येत होते. ते का आले, याचा छडा लागला नाही. न्यूट्रॉनच्या शक्यतेचाही विचार झाला, पण पुरेसा पुरावा मिळाला नाही.

दुसरी गोष्ट मात्र स्पष्टपणे सापडली. असा खोटा आकडा उसळला, तर उड्डाण-नियंत्रक संगणक १.२ सेकंदांपर्यंत आधीचे बरोबर माप धरून बसे. पण नेमके १.२ सेकंद संपताना दुसरा खोटा आकडा हजर असेल, तर तो खरा मानला जाई. वर्षानुवर्षे लाखो तास उडालेल्या विमानांत ही एवढीशी फट दबा धरून बसली होती. आपल्या मुलांनी विचारायचा तोच प्रश्न इथे राहून गेला होता : क्षणभरच वेगळे असेल, पुन्हा जुळेल आणि पुन्हा वेगळे होईल, तर?

ओझरचे विमान

आपल्याकडे हा विषय ऐरणीवर आला तो 'तेजस' या लढाऊ विमानामुळे. ते मुळातच अस्थिर आखलेले आहे. संगणकाने सतत सावरले नाही तर हवेत टिकणारच नाही. त्याची उड्डाण-नियंत्रण यंत्रणा चौपदरी आहे. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि तिथे या यंत्रणेवर काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परतावे लागले. उरलेली तपासणी इथेच पूर्ण करावी लागली. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी बंगलोरला ते पहिल्यांदा उडवले. आपल्या लष्करी विमानांच्या उड्डाणयोग्यतेचा निवाडा करणारी 'सेमिलॅक' ही संस्था १९९५ पासून तिथेच आहे. तिने 'तेजस'ला अंतिम मंजुरी दिली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये. पहिल्या उड्डाणानंतर अठरा वर्षांनी! या विलंबाची कारणे पुष्कळ आहेत आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण 'उडते आहे ना, मग झाले' आणि 'उडायला योग्य आहे' यांत किती अंतर असते, याची कल्पना त्यातून यावी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'तेजस मार्क-१ए'साठी देशातच बनवलेला नवा उड्डाण-नियंत्रण संगणक हवेत तपासला गेला. त्याच्या सॉफ्टवेअरला लावलेली कसोटी होती डीओ-१७८ ची 'सी' आवृत्ती, श्रेणी 'ए'. आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झालेले पहिले 'तेजस मार्क-१ए' आकाशात झेपावले. मिगच्या आवाजाची ओझरला सवय होती. आता आपली आखणी, आपली जोडणी आणि आपली तपासणी तिथे आली आहे.

उत्तनच्या किनाऱ्यावरच्या त्या मुलाला मग काय सांगायचे? संगणक बिघडू शकतो, म्हणून तो एकटा नसतो, असे आधी सांगावे. संगणक चुकूही शकतो, म्हणून त्याच्या आखणीची प्रत्येक पायरी दुसऱ्या कोणीतरी तपासून सही केलेली असते, हे नंतर सांगावे. आणि तपासणाऱ्यांनाही न सुचलेला प्रश्न शिल्लक असू शकतो, हेही लपवू नये. वहीत "सर, उत्तर तर बरोबर आहे, मग गुण का कापले?" म्हणून भांडणारी मुले आपल्याला रोज भेटतात. पुढच्या वेळी त्यांना वांद्र्याच्या समुद्रातल्या त्या १०१ सेकंदांची आणि पटावरच्या ५८५ वर्षांची गोष्ट सांगून पाहावी.